पाळी चुकल्यापासून पगाराच्या दिवसापर्यंत : कायदेशीर गर्भपात आणि घराची आर्थिक घडी

बचत गटाच्या कर्जवहीत ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. कळवा, विटावा आणि दिघा या भागातील गटांच्या वह्या मी बरीच वर्षे तपासत आले आहे. त्या रकान्यात ज्या कर्जांपुढे ‘आजारपण’ असे लिहिलेले असते, त्यांतली काही कर्जे आजारपणाची नसतात, हे मला हळूहळू कळत गेले. कर्ज घेणारी बाई तिशीच्या आतबाहेरची असते, पैसे त्याच दिवशी हवे असतात, ती खाली मान घालून सही करते आणि पुढचे दोन-तीन हप्ते हमखास चुकतात. अशाच एका सदस्येने सगळे कर्ज फिटल्यावर मला एकटीला बाजूला घेऊन सांगितले की ती महापे येथे ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामावर होती आणि दोन मुलांनंतर तिला पुन्हा दिवस गेले होते. दीड-दोन महिने ‘येईल पाळी’ म्हणून गेले. मग कोणीतरी आणून दिलेल्या गोळ्या घेतल्या, रक्तस्राव थांबेना, मध्यरात्री खासगी रुग्णालयात पिशवी साफ करून घ्यावी लागली, कानातली फुले गहाण पडली आणि दहा दिवसांच्या खाड्यानंतर ती कामावर गेली तेव्हा ठेकेदाराने तिच्या जागी दुसरी बाई लावली होती.

तिचा गर्भपात पहिल्या दिवसापासून कायद्यात बसणारा होता, सरकारी रुग्णालय तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते आणि तिच्या पगारातून दरमहा विम्याचे पैसे कापले जात होते. यातले काहीही तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. पुढील मार्गदर्शन ठाणे आणि नवी मुंबईतील बचत गटांच्या अध्यक्ष-सचिवांसाठी, आशा सेविकांसाठी, कारखान्यांतील आणि कार्यालयांतील महिला प्रतिनिधींसाठी आणि अर्थातच स्वतः अशा प्रसंगात असलेल्या बाईसाठी लिहिले आहे. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तिचा आहे आणि त्यात मी पडत नाही. तो निर्णय झाल्यावर तिची तब्येत, तिची नोकरी आणि तिची शिल्लक या तिन्ही गोष्टी कशा राखायच्या, एवढाच येथे विषय आहे.

आधी दिवस मोजा

गर्भाचे आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. हे एक वाक्य गटाच्या बैठकीत प्रत्येकीला पाठ करून घ्यावे, कारण सगळा घोटाळा येथेच होतो. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येत असेल तर ती चुकते त्याच दिवशी डॉक्टरांच्या हिशेबाने चार आठवडे झालेले असतात. बाई मात्र त्या दिवसापासून ‘पहिला महिना’ धरते आणि ‘दोन महिने झाले’ असे ती म्हणते तेव्हा डॉक्टरांच्या लेखी तिसरा महिना पुरा होत आलेला असतो. गोळ्यांनी गर्भपात करण्याची भारतातील मुदत नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची आहे. म्हणजे पाळी चुकल्यापासून हातात जेमतेम पाच आठवडे उरतात.

यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाळीचा पहिला दिवस दरमहा बारीक खूण करून ठेवण्याची सवय लावावी. पाळी आठवडाभर लांबली की लगेच लघवीची चाचणी करावी. आशा सेविकेकडे ‘निश्चय’ नावाचे चाचणी संच मोफत मिळतात, औषधाच्या दुकानातही चाचणीची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळते. सकाळची पहिली लघवी घेतली तर निकाल अधिक भरवशाचा असतो. स्तनपान चालू असल्याने किंवा पाळी जाण्याच्या वयामुळे ज्यांची पाळी मुळातच अनियमित असते, त्यांनी तर संशय आला की थांबूच नये.

कायदा कोणाला आणि कधीपर्यंत परवानगी देतो

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याआधी १९६४ साली केंद्राने नेमलेल्या ज्या समितीच्या शिफारशींवर हा कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. कायद्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आली. आज स्थिती अशी आहे की वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टरांचे मत पुरेसे असते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती सवलत ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांना मिळते. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

हा कायदा ‘मागितले की मिळाले’ अशा स्वरूपाचा नाही, हे स्पष्टपणे समजून घ्यावे. गर्भ वाढल्यास बाईच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा पोहोचेल, असे डॉक्टरांचे मत व्हावे लागते. परंतु ते मत बनवताना काय विचारात घ्यावे, हे सांगणारे कलम ३ चे पोटकलम ३ मला संपूर्ण कायद्यातील सर्वांत मोलाचे वाटते. बाईची आजची आणि पुढे दिसत असलेली सभोवतालची परिस्थिती डॉक्टरांनी लक्षात घ्यावी, अशी मुभा त्यात आहे. भाड्याची दहा बाय दहाची खोली, सुटलेला रोजगार, अंगावर पिणारे मूल, दारू पिऊन मारणारा नवरा, फेडायचे कर्ज या गोष्टी कायद्याच्या बाहेरच्या नाहीत, त्या कायद्याने डॉक्टरांच्या टेबलावर आणून ठेवलेल्या आहेत. म्हणून डॉक्टरांनी कारण विचारले की ‘असंच’ म्हणून मान खाली घालू नये. घरची परिस्थिती चार स्पष्ट वाक्यांत सांगावी. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले असेल तर तेही सांगावे, कारण वीस आठवड्यांपर्यंत तेवढे कारणही कायद्याला मान्य आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तेथील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले आहेत.

संमतीबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची सही, सासूची हजेरी, लग्नाचा दाखला, नवऱ्याचे आधारकार्ड यांपैकी काहीही कायद्याने मागितलेले नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी पालकाची लेखी संमती लागते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात असे म्हटले आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. नाव फुटण्याच्या भीतीने अशा मुलींना घरगुती उपायांकडे नेले जाते, म्हणून हे वाक्य त्यांच्या आयांपर्यंत पोहोचवावे.

कुठे जावे आणि दारात काय पाहावे

सरकारने स्थापन केलेले किंवा सरकार चालवत असलेले रुग्णालय गर्भपातासाठी आपोआप मान्य ठिकाण असते. खासगी रुग्णालयाला मात्र जिल्हास्तरीय समितीची मान्यता घ्यावी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. दारातून आत गेल्यावर पहिल्यांदा ती चौकट भिंतीवर शोधावी. ती दिसली नाही तर विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर बाहेर पडावे. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना या कायद्याखाली गर्भपात करण्याचा अधिकार नाही, मग ते कितीही ओळखीचे आणि प्रेमळ असोत.

ठाण्यात सिव्हिल म्हणून ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तर नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय, ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय आणि नेरुळचे मीनाताई ठाकरे रुग्णालय ही आपल्या पट्ट्यातील मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. ज्यांना कामगार विमा लागू आहे त्यांच्यासाठी वागळे इस्टेट आणि वाशी येथील राज्य कामगार विमा रुग्णालये आहेत. गटाच्या दोन सदस्यांनी कोणावरही वेळ आलेली नसताना, निवांतपणे एक सकाळ काढून जवळच्या रुग्णालयात जावे आणि स्त्रीरोग विभागाची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते, केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात, गर्भपाताची सेवा सध्या चालू आहे का आणि समुपदेशक कोणत्या खोलीत बसतात, हे विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. घाबरलेल्या बाईला चार खिडक्यांवर तेच बोलायला लावणे क्रूरपणाचे आहे, आणि त्या चार खिडक्यांमध्ये तिचा अख्खा रोज बुडतो.

एका गोष्टीची येथेच वासलात लावते. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा वेगळा आहे आणि गर्भपाताचा कायदा वेगळा आहे. मुलगा की मुलगी हे पाहून केलेला गर्भपात गुन्हा आहे आणि तो तसाच असला पाहिजे. महाराष्ट्राने त्यासाठी १९८८ साली, देशाने कायदा करण्याच्या सहा वर्षे आधी, स्वतःचा कायदा केला. परंतु त्या कायद्याच्या धाकाने काही ठिकाणी गर्भपातच बंद आहे असे सांगून बायकांना परत पाठवले जाते. पहिल्या बारा आठवड्यांत साध्या सोनोग्राफीत लिंग ओळखण्याचा प्रश्न सहसा येतही नाही. ‘आमच्याकडे होत नाही’ असे उत्तर मिळाले तर वाद घालण्यात आठवडा घालवण्यापेक्षा पुढचे रुग्णालय गाठावे आणि तक्रार नंतर गटामार्फत लेखी करावी.

पहिल्या भेटीत काय होते

डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणे, सिझर आणि चालू औषधे विचारतात, रक्तदाब घेतात, हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा येथे केवळ कागद भरण्यापुरता नसतो. रक्त फार कमी असेल तर गोळ्यांचा मार्ग धोक्याचा ठरतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भारपणाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारावे. सोनोग्राफी सांगितली तर ती करून घ्यावी, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो.

गोळ्यांच्या पद्धतीत आधी मिफेप्रिस्टोन आणि त्यानंतर साधारण एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल अशी दोन औषधे असतात आणि दोन आठवड्यांनी तपासणीला परत जावे लागते. नऊ आठवड्यांच्या आत हे उपचार शंभरात सुमारे ९५ ते ९८ जणींना पुरेसे ठरतात. उरलेल्यांची पिशवी साफ करावी लागते, म्हणून दोन आठवड्यांची भेट ‘आता बरे वाटते’ म्हणून टाळू नये. बारा आठवड्यांपर्यंत हाताने चालवायच्या पंपाने पिशवी रिकामी करण्याची पद्धत उपलब्ध असते. तिला डॉक्टर एमव्हीए म्हणतात, तिला थोडाच वेळ लागतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. जुन्या पद्धतीच्या क्युरेटिंगऐवजी ही पद्धत वापरावी असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे, तेव्हा ‘एमव्हीए होईल का’ असे विचारण्यात काहीच गैर नाही.

ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणण्याचा मोह मी समजू शकते. भारतात २०१५ साली सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्या घेऊन झाले, असा अंदाज ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या बहुतेकींचे निभावलेही असेल. पण किती आठवडे झाले आहेत हे न मोजता, नळीतला गर्भ नाही याची खात्री न करता आणि रक्त किती आहे हे न पाहता घेतलेल्या गोळीची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांना ती एकरकमी आणि मध्यरात्री मोजावी लागते. कोणत्याही कारणाने गोळ्या घेऊन झाल्याच असतील तर लपवू नये. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप चोवीस तासांहून अधिक राहिला, दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, पोटात एका बाजूला असह्य कळ येऊ लागली किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. अर्धवट झालेल्या गर्भपातावर उपचार करणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे.

बाईचे नाव आणि तपशील कायद्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटाच्या पदाधिकाऱ्यांना हे कलम लागू नाही, म्हणून गटाने स्वतःचा नियम स्वतः करावा, आणि तो मोडणारीला पदावर ठेवू नये.

आता पैशाचा हिशेब

समजा बाईचा रोज ५०० रुपये आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात ती सरकारी रुग्णालयात गेली, तीन फेऱ्या झाल्या आणि दोन दिवस घरी विश्रांती घेतली, तर तिचे पाच रोज, म्हणजे २,५०० रुपये बुडाले आणि वर रिक्षा, पॅड, चहापाणी एवढा खर्च आला. आता समजा तीच बाई पैसे जमवण्यात आणि कोणाला सांगावे या विचारात पंधराव्या आठवड्यापर्यंत थांबली. आता दाखल व्हावे लागते, सोबत एका माणसाला राहावे लागते म्हणजे दोघांचे रोज बुडतात, खासगीत जावे लागले तर समजा २०,००० रुपये लागतात आणि ते सावकाराकडून शेकडा दहाने घेतले तर दरमहा २,००० रुपये नुसत्या व्याजाचे जातात, मुद्दल तसेच उभे. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येकीने ते आपल्या रोजाने बदलून पाहावेत. उपचाराचा खर्च आठवड्यागणिक वाढतो आणि तो फेडण्याची ऐपत खाड्यागणिक घटते, हे गणित मात्र कोणत्याही रोजाला बदलत नाही. पैसे जमवण्यासाठी थांबलेली बाई थांबल्यामुळेच अधिक पैशाच्या पेचात अडकते.

म्हणून प्रत्येक गटाने तातडीच्या वैद्यकीय मदतीचा छोटा निधी वेगळा ठेवावा. त्याचे नियम असे असावेत की पाच हजारांपर्यंतची रक्कम अध्यक्ष आणि सचिव या दोघींच्या सहीने बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी देता येईल, कारणाच्या रकान्यात फक्त ‘वैद्यकीय’ असे लिहिले जाईल, पहिले तीन महिने व्याज लागणार नाही आणि पहिला हप्ता पुढच्या नव्हे तर त्यानंतरच्या पगाराला येईल. आमच्याकडे सुरुवातीला ‘कारण न सांगता पैसे कसे द्यायचे’ असा प्रश्न आला होता. त्यावर एका वयस्क सदस्येने नुसते कपाटातील जुन्या वहीतले थकलेले हप्ते वाचून दाखवले आणि ठराव मंजूर झाला.

पगारी बाईने आधी आपली पगाराची पावती काढून पाहावी. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजना (म्हणजेच वर आलेला कामगार विमा, ईएसआय) लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के रक्कम कापली जाते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १४,००० पगाराला ही कपात १०५ रुपयांची दिसेल. त्या १०५ रुपयांच्या ओळीत बाईचा हक्क दडलेला असतो. या योजनेत गर्भपातानंतर सहा आठवड्यांचा पगाराएवढा रोख लाभ मिळतो, आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपात त्यात बसतो. गर्भपातामुळे उद्भवलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिना मिळू शकतो. त्यासाठी लगतच्या दोन सहामाही अंशदान कालखंडांत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरलेले असावे लागते. ठेकेदाराने कापून घेतलेले पैसे भरलेच नाहीत, असे रबाळे-महापे पट्ट्यात ऐकू येते. अशा वेळी हे ध्यानात ठेवावे की ठेक्यावरच्या कामगारांचे अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य कंपनीची असते, ठेकेदाराकडे बोट दाखवून ती झटकता येत नाही.

ज्यांना ही विमा योजना लागू नाही, परंतु दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत ज्या काम करतात, त्यांच्यासाठी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने वैद्यकीय गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ती कायम ठेवली आहे. त्या रजेच्या काळात बाईला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. ऐरोलीच्या माइंडस्पेससारख्या ठिकाणी मोठ्या पगारावर काम करणाऱ्या मुलींनाही ही रजा ठाऊक नसते आणि त्या ‘पोट बिघडले’ म्हणून दोन दिवसांची सुट्टी टाकतात. अर्थात रजेसाठी प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणजे कार्यालयात कोणाला तरी कळते. ज्या कार्यालयात ते कळणे महागात पडेल असे बाईला वाटते, तेथे तिने साधी आजारपणाची रजा घेतली तर ती चूक करत नाही. हक्क वापरायचा की गुप्तता राखायची हे तिनेच ठरवावे, फक्त हक्क आहे हे माहीत असताना ठरवावे. मनुष्यबळ विभागाने या अर्जांसाठी एकच जबाबदार व्यक्ती नेमली आणि हजेरीपटावर केवळ ‘वैद्यकीय रजा’ अशी नोंद केली, तर बहुतेक जणी अर्ज करतील.

मेडिक्लेमच्या भरवशावर मात्र राहू नये. विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत मातृत्वाबरोबर कायदेशीर गर्भपाताचा खर्चही येतो, त्यामुळे पॉलिसीत प्रसूतीचे कवच वेगळे घेतलेले नसेल तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. आणि घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत धुणीभांडी करणाऱ्या किंवा वाशीच्या बाजार समितीत कांदा-लसूण निवडणाऱ्या बायकांना तर ना रजा, ना विमा. त्यांच्यासाठी वर सांगितलेला निधी आणि बदली बाई हेच दोन आधार आहेत. पाच दिवसांसाठी गटातलीच कोणी तिच्या घरकामाच्या ठिकाणी बदली गेली आणि परत जागा तिच्या हाती दिली, तर तिची कामे सुटत नाहीत. आमच्याकडे ही गोष्ट पैशाहून अधिक उपयोगी पडली.

एका घराचे नव्हे, पट्ट्याचे गणित

अमेरिकेत गर्भपात मागूनही नाकारला गेलेल्या आणि मिळालेल्या मिळून सुमारे हजार स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याच्या आधारे २०२० साली अर्थशास्त्रज्ञांनी कर्जाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्भपात नाकारला गेलेल्या स्त्रियांच्या थकलेल्या कर्जात ७८ टक्क्यांची वाढ दिसली आणि तो ताण पुढे कित्येक वर्षे टिकला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ च्या निकालात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यानंतर प्रश्न बंदीचा झाला आहे. आपल्याकडे कायदा आहे आणि प्रश्न अंतराचा, माहितीचा आणि रोजाचा आहे. ठाणे शहरातली बाई रिक्षाने रुग्णालयात पोहोचते. शहापूरची लोकल धरून येते. मुरबाडला अजून रेल्वे पोहोचलेली नाही, तेथील बाई एसटीने कल्याणला येऊन पुढे ठाण्याला येते आणि एका तपासणीसाठी पूर्ण दिवस मोजते. जिल्हा एकच, कायदा एकच, पण त्याच उपचाराची किंमत रस्त्यानुसार बदलते. म्हणून ग्रामपंचायतीच्या महिला सभेत किंवा महापालिकेच्या प्रभाग समितीत मागणी करायची असेल तर ‘जागृती करा’ अशी मोघम मागणी करू नये. आपल्या ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर कोणत्या वारी असतात, गोळ्यांचा साठा आहे का आणि एमव्हीएचे साहित्य आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर मागावे.

उशीर झालाच असेल तर

वीस आठवडे उलटले असतील तर घाबरून दार लावून बसू नये. बलात्कार किंवा कुटुंबातील अत्याचाराला बळी पडलेल्या, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, दिव्यांग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत वाट मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ज्या निकालाचा उल्लेख वर आला, त्याने या यादीत अविवाहित स्त्रियांनाही स्थान दिले आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला. त्या प्रकरणातील मुलगी पंचवीस वर्षांची, पाच भावंडांतली थोरली, आईवडील शेतकरी, जोडीदाराने लग्नाला नकार दिलेला आणि उपजीविकेचे साधन नाही, असे तिने अर्जात मांडले होते. चोवीस आठवड्यांनंतरच्या व्यंगाच्या प्रकरणात वैद्यकीय मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे असते, त्यामुळे अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. न्यायालयात जावे लागले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

कामावर परतताना

पहिल्या तिमाहीतील गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात, पाळी येण्याची वाट पाहायची नसते. त्यामुळे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच पुढच्या साधनाबद्दल बोलून घ्यावे. सरकारी रुग्णालयात तांबी, ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि ‘छाया’ या आठवड्याच्या गोळ्या मोफत मिळतात. मात्र नसबंदी किंवा तांबीची अट घालून गर्भपात अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही, तसे कोणी सांगितले तर सोबत गेलेल्या सदस्येने तेथेच शांतपणे हरकत घ्यावी.

कागद तीनच जपावेत : केसपेपर, सुट्टीचा कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड, आणि उपचाराची तारीख व सांगितलेली विश्रांती नमूद केलेले प्रमाणपत्र. त्यांच्या प्रती घरी ठेवणे धोक्याचे असेल तर बंद लिफाफ्यात घालून, वर फक्त सदस्य क्रमांक टाकून, गटाच्या कपाटात ठेवाव्यात. दोन आठवड्यांनंतरच्या तपासणीच्या दिवशी सचिवाने तिला आदल्या रात्री फोन करावा आणि त्या दिवसाची बदली बाई आधीच ठरवून ठेवावी.